सोडियम आत गेलंच नव्हतं

प्रिय ताई,

बातमी आधी, नमस्कार मागाहून. काल दुपारी सव्वाचार वाजता पक्कं झालं की पोटॅशियमच्या दारातून सोडियम आत जात नाही. आमच्या मोठ्या सरांनी पडद्यासमोर उभं राहून, चष्मा दोनदा पुसून, हे स्वतः मान्य केलं. (जगाला ही गोष्ट पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे. मधले चार महिने फक्त आमच्या प्रयोगशाळेचं मत वेगळं होतं, आणि ते तसं होण्यात तुझ्या धाकट्या भावाचा हात होता. तेच सांगायला बसलोय.)

आता नमस्कार. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, त्यामुळे तब्येतीची चौकशी कुठून सुरू करावी ते कळत नाही. तुझा खोकला आता बरा झाला असेल. नसेल तर तो खोकला नाही, दुसरं काहीतरी आहे, दाखवून घे. भावोजींचा गुडघा उजवा दुखायचा की डावा, हे मी विसरलो, म्हणून दोन्ही गुडघ्यांची विचारपूस करतो. भाची माझ्या डोक्यात अजून जेवणाच्या टेबलाखाली सरळ उभी राहू शकते. प्रत्यक्षात ती आता टेबलाला बसून तुम्हां दोघांना उलट उत्तरं देत असेल; तिला सांग, मामाची हरकत नाही. माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. वजन तेवढंच, केस निम्मे, दात एक सोडून सगळे. सकाळी अंडं आणि पाव, संध्याकाळी पाव आणि अंडं, असा आहारात बदलही ठेवतो.

मी अजून त्याच इमारतीत, त्याच तळघरात आहे. खोलीत दोन मोऱ्या, एक लांब ओटा, बाटल्या वाळवायचं कपाट, आणि छताजवळ एक आडवी खिडकी. तिच्यातून अंगण ओलांडणाऱ्या लोकांचे फक्त बूट दिसतात. सत्तावीस वर्षांत मी बुटांवरून माणसं ओळखायला शिकलो. तोटा एवढाच की तीच माणसं जिन्यात समोरून आली, की त्यांच्या पायांकडे बघितल्याशिवाय मला नमस्कार करता येत नाही, आणि त्यांना वाटतं मी लाजाळू आहे. वरच्या मजल्यांवरचे लोक मला ‘खालचे काका’ म्हणतात. मी त्यांच्या बाटल्या धुतो, त्यांना लागणारं मिठाचं पाणी मोजून भरतो, आणि त्यांचे पूल तयार करतो. पूल म्हणजे काय ते पुढे येईलच, कारण या पत्रात जे काही घडतं ते पुलामुळे घडतं.

त्याआधी दारांचं सांगतो. (भावोजी इथे जांभई देतील. देऊ देत, पण तू वाच.) आपल्या मज्जापेशीला भोवती एक चरबीचं पातळ आवरण असतं आणि त्यातून मिठाचा एक कणही आरपार जात नाही. जायचं तर दारातून. ही दारं प्रथिनांची असतात आणि कमालीची चोखंदळ असतात. काही फक्त सोडियम घेतात, काही फक्त पोटॅशियम. हा भेदभाव त्यांनी केला नाही तर मेंदूचा निरोप बोटापर्यंत जाणार नाही. तू हे पत्र हातात धरून वाचते आहेस तेही त्यांच्याच मेहेरबानीनं. आता गंमत अशी, की सोडियमचा कण पोटॅशियमच्या कणापेक्षा लहान आहे. दोघांवर विजेचा भारही सारखाच. तरी पोटॅशियमच्या दारातून हजार पोटॅशियम गेले तर चुकूनमाकून एखादा सोडियम जातो. मोठा जातो आणि लहान अडतो, हे कसं? पहिली अकरा वर्षं मी हे कुणाला विचारलं नाही, कारण बाटल्या धुण्यासाठी ते लागत नाही. मग एकदा एका संशोधकानं बाटल्यांची वाट बघता बघता सांगितलं. कण कधी एकटा नसतो. त्याला चारी बाजूंनी पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, आणि तो त्यांच्यासकट फिरतो. दाराची मान मात्र इतकी अरुंद की पाणी बाहेर ठेवूनच आत शिरावं लागतं. पोटॅशियमला त्याचं काही वाटत नाही, कारण त्या मानेत आतून ऑक्सिजनचे अणू अशा बेतानं लावलेले असतात, की पाण्यानं जसं धरलं होतं तसंच ते त्याला धरतात. त्याला फरकच कळत नाही. सोडियम पडला बारीक. तो आत गेला तर ते अणू त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. एका बाजूनं धरलं तर दुसरी बाजू उघडी पडते. तेव्हा तो आपलं पाणी सोडत नाही आणि बाहेरच थांबतो. त्याला कुणी अडवलेलं नसतं. (मला त्याचं कौतुक वाटतं असं नाही, पण त्याचं म्हणणं मला समजतं.)

तर आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक मुलगी पदवीसाठी संशोधन करायला आली. तिला मी घाईबाई म्हणतो, मनातल्या मनात. ती जिना उतरत नाही, सांडते. तिचे बूट खिडकीत दिसले की तीन सेकंदांत ती खोलीत असते, आणि मधल्या चौदा पायऱ्यांचं काय होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिनं पोटॅशियमच्या दाराच्या मानेतला एक दुवा (प्रथिनाच्या साखळीतली एक कडी) बदलला आणि त्या बदललेल्या दारातून सोडियम जातो का, हे ती बघत होती. बघायची रीत सोपी आहे. पेशीच्या बाहेर सोडियमचं पाणी ठेवायचं, पोटॅशियम अजिबात नाही, आणि विजेनं आत ओढायचं. पडद्यावरची रेघ खाली गेली म्हणजे काहीतरी आत शिरलं. बाहेर सोडियमशिवाय कुणीच नाही, म्हणजे शिरलं ते सोडियमच. आधी तिनं न बदललेली, साधी दारं मोजली. रेघ हलली नाही. मग बदललेली दारं मोजायला घेतली, आणि रेघ खाली गेली. एकदा नाही, रोज. महिनाभरात मोठ्या सरांच्या चालीत फरक पडला. दोन महिन्यांत ते जिन्यातून उतरताना भाषणाचा सराव करू लागले. ‘आजवर आपण सगळे असं समजत होतो,’ इथपर्यंत पोचले की जिना संपायचा, त्यामुळे पुढे आपण काय समजणार होतो ते मला ऐकायला मिळालं नाही.

आता पूल. पेशी ज्या वाटीत ठेवतात तिच्या शेजारी दुसरी छोटी वाटी असते आणि तिच्यात चांदीची तार. वीज मोजायला तार लागते, पण चांदी पेशीला मानवत नाही, म्हणून दोन्ही वाट्यांच्या मधे काचेची एक वाकवलेली नळी ठेवतात. नळीत शेवाळापासून केलेली जेली भरलेली असते आणि जेलीत पोटॅशियमचं चांगलं कडक मीठ, म्हणजे वीज इकडून तिकडे जाते आणि चांदी जात नाही. हा पूल. मी तो केसाएवढ्या बारीक नळीचा करत असे. तो तुटायचा, सुकायचा, मधे हवेचा बुडबुडा धरायचा. आठवड्यातून तीनदा घाईबाई खाली सांडायची. “काका, गेला पूल! दुसरा आहे? तुमचा चहा झालाय का, माझा राहिलाय.” चहा व्हायचा, पाच मिनिटं बसायची, की पुन्हा वर. मला वाईट वाटायचं, की माझ्या पुलापायी या पोरीचा दिवस मोडतो. म्हणून तिची साधी दारं मोजून झाली त्याच सुमारास मी कपाटाच्या तळाशी पडलेली जाड नळी काढली, करंगळीच्या निम्म्या जाडीची, आणि तिचे पूल केले. कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलंही नाही. डब्यावर ‘सुधारित’ अशी चिठ्ठी लावली आणि खाली तारीख टाकली. (मी प्रत्येक गोष्टीवर तारीख टाकतो हे लक्षात ठेव. मला ते फार महागात पडलं.)

पूल अप्रतिम निघाला. एक पूल महिनाभर टिकला. “काका, हा तुटतच नाही हो!” असं ती जिन्याच्या वरूनच ओरडून गेली, आणि मी तीन दिवस हवेत होतो. चौथ्या दिवसापासून कुणी खाली आलं नाही. बाटल्यांच्या टोपल्या सामानाच्या लिफ्टनं येतात आणि जातात, त्याला माणूस लागत नाही. माणूस लागायचा तो पुलासाठी, आणि पूल तर आता तुटत नव्हता. मी चहा दोघांचा टाकायची सवय तशीच ठेवली. पहिला आठवडा दुसरा कप ओतून दिला, मग तोही मीच पिऊ लागलो, मग झोप उडाली. शेवटी एका कपावर आलो. माझ्या हातून आजवर एवढी चांगली वस्तू झाली नव्हती, आणि तिच्यामुळे माझ्याकडे यायचं कुणाला कारणच उरलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, काम काय झालं ते सांगतोय.

मग लेख लिहून झाला. महिनाअखेर तो पाठवायचा होता. मोठ्या सरांनी दोन-चार ठिकाणी बोलूनही ठेवलं होतं. तेवढ्यात आमच्या यंत्रवाल्यानं मोडता घातला. यंत्रवाला म्हणजे वीज मोजायची उपकरणं सांभाळणारा माणूस. त्याचा कशावरच विश्वास नाही. लिफ्टनं पाठवलेलं यंत्र वर पोचलं का, ते बघायला तो जिन्यानं मागोमाग जातो. तो म्हणाला, “साधी दारं चार महिन्यांपूर्वी मोजलीत. आजच्या तारखेला पुन्हा मोजा, मग काय ते छापा.” घाईबाईनं मोजली. न बदललेल्या, सरळमार्गी, साध्या दारांतूनही सोडियम धो धो आत जात होता.

वर हाहाकार झाला. साधं दारही तसंच वागतंय म्हटल्यावर दुवा बदलून मिळवलं काय? तिची पदवी त्या एका रेघेवर उभी होती. त्या दुपारी चार महिन्यांनी तिचे बूट खिडकीपाशी माझ्याकडे वळले, आणि ते सावकाश चालत होते. ती पायऱ्या एक एक करून उतरली. मी पहिल्यांदाच मोजल्या, चौदाच आहेत. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काका, मिठाची बाटली चुकली असेल का हो?” मी बाटली चुकवत नाही हे तिला माहीत होतं, पण कुणालातरी विचारायला हवं होतं. तिच्या हातात माझा पूल होता, तशीच घेऊन आली होती. मी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. आत कडक पोटॅशियम, नळी जाड, तोंड रुंद. तो पूल सगळा वेळ वाटीत गळत होता. बाहेर पोटॅशियम अजिबात नाही असं ती धरून चालली होती, आणि मी माझ्या हातांनी ते तिच्या वाटीत सोडत होतो. आत गेलं ते सोडियम नव्हतंच. आपल्याच दारातून पोटॅशियम नेहमीसारखं घरी गेलं, त्यात त्याचा काय दोष? (वाटीतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग तिनं पेशी हलू नये म्हणून कमी केला होता, नाहीतर गळलेलं सगळं वाहून गेलं असतं. पण दोष वाटून घ्यायला मी तयार नाही. तो माझा आहे.)

दुसऱ्या दिवशी मी खात्री केली. एक जाड पूल शुद्ध पाण्याच्या पेल्यात अर्धा तास ठेवला आणि ते पाणी ज्योतीच्या यंत्रावर नेलं. त्यात पाण्याचा फवारा ज्योतीत सोडतात. सोडियम असलं तर ज्योत पिवळी, पोटॅशियम असलं तर फिकट जांभळी, आणि किती ते आकड्यात. आकडा आला. एका कागदावर लिहिला, तारीख टाकली, आणि कागद खणात ठेवून खण लावला.

आणि नऊ दिवस मी गप्प बसलो, ताई.

त्याची तीन कारणं मी तयार ठेवली होती. एक, एका मोजणीवरून बोलणं बरं नव्हे. दोन, वरच्या मोठ्या शिकलेल्या लोकांना ते आपोआप सापडेलच. तीन, मला कुणी विचारलेलं नाही. तिन्ही कारणं दिसायला चांगली आहेत. चौथं असं, की ती रोज यायची. वर सगळे एकमेकांवर संशय घेत होते. पाणी बदललं, मीठ बदललं, सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलला, यंत्रवाल्यानं तारा उपटून पुन्हा लावल्या. पुलाचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण पूल खालून येतो, आणि खालून येणारी गोष्ट बरोबरच असते असं ते सत्तावीस वर्षं धरून चालले आहेत. त्या गोंधळातून ती चार वाजता माझ्याकडे यायची आणि सहापर्यंत बसायची. मी पुन्हा दोघांचा चहा टाकू लागलो. बिस्किटांचा पुडा आणला, मग दुसरा आणला. तिनं तिच्या आईचं सांगितलं, जी फोनवर फक्त ‘जेवलीस का’ एवढंच विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवते. मी तिला तुझं सांगितलं, तुमच्या घराचं, रविवारचं. (काय काय सांगितलं ते पत्राच्या शेवटी येईल, कारण ते लिहायला मला धीर गोळा करावा लागणार आहे.) ती हसायची. रडून आलेली असायची आणि हसून जायची, आणि खण तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. गेल्या कित्येक वर्षांत माझे इतके चांगले नऊ दिवस गेले नव्हते. तिचे तेवढे वाईट कधी गेले नसतील. दोन्ही एकाच खोलीत चाललं होतं, आणि हे मला एकट्यालाच माहीत होतं.

नवव्या दिवशी ती आली ती उभीच राहिली. म्हणाली, “काका, मी सरांना पत्र दिलंय. सोडून घरी जाते. हे काम माझ्या हातांचं नाही, हे कळलं.” आणि आभार मानायला लागली, चहाचे, बिस्किटांचे, ऐकून घेतल्याचे. आभार मानून झाले की माणूस जातो, ही भीती मला आधी वाटली, हे मी तुझ्यापाशी कबूल करतो. तिच्या हातांची आठवण त्यानंतर झाली. पण झाली. ते हात फार चांगले आहेत, ताई. हवेचा एक झोत आला तर निसटेल अशी पेशी ती काचेच्या टोकावर तासभर धरून ठेवते. घाई आहे ती सगळी पायांत.

मी उठलो. खण उघडला, एका हातात जाड पूल घेतला, दुसऱ्या हातात जुना बारीक, कागद दातांत धरला, आणि वर गेलो. (लिफ्ट सामानाची आहे.) चार मजले. वर सगळे होते. मी दारात उभा राहिलो, पण दातांत कागद असल्यामुळे बोलता येईना, तो घाईबाईनंच मागून येऊन काढला. मग मी म्हटलं, “पूल गळतो.” एवढंच. मोठे सर म्हणाले, “किती?” मी कागदाकडे बोट केलं. त्यांनी आकडा वाचला, खुर्ची ओढली आणि बसले. यंत्रवाला पुढे झाला, त्यानं कागद घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, “यावर तारीख नऊ दिवसांपूर्वीची आहे.”

तुला सांगतो, मी आजवर टाकलेल्या हजारो तारखांपैकी ही एकच कुणी वाचली.

त्यानंतर घाईबाईनं माझ्या हातातला बारीक पूल घेतला आणि तिच्या टेबलाकडे गेली. मी खाली आलो. मग थोड्या वेळानं सगळेच खाली आले, मोठे सर, यंत्रवाला आणि आणखी सहा जण, जाड पूल बघायला. सत्तावीस वर्षांत माझ्या खोलीत एकदम आठ माणसं कधी नव्हती. स्टूल एकच, कप दोन. एकानं ओट्यावर बसून टोपली पाडली. त्या प्रसंगातही मला वाटून गेलं, की आणखी सहा कप आणायला हवे होते. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, “नळी बदलली तर सांगत जा,” आणि जाताना ‘सुधारित’ ही चिठ्ठी स्वतः काढून, घडी करून खिशात घातली. पुढचे दोन दिवस मात्र ती आली नाही. बूट दोनदा खिडकीवरून गेले, वेगानं. ते वळले नाहीत.

काल सव्वाचारचं सुरुवातीला सांगितलंच. बारीक पूल, पाण्याचा पहिला वेग. साध्या दारांतून सोडियम गेलं नाही आणि बदललेल्या दारांतूनही नाही. चार महिन्यांचा शोध संपला. मोठे सर चष्मा पुसून म्हणाले, “नाही झालं, हेही लिहून ठेवायचं असतं,” आणि तिनं दिलेलं पत्र परत तिच्या हातात दिलं. आता सगळं पहिल्यापासून मोजायचं, दीड-दोन महिने लागतील. साडेचारला ती खाली सांडली. दारातच थांबली आणि म्हणाली, “नऊ दिवस, काका?”

मी म्हटलं, “हो.”

“का?”

तीन कारणं तयार होती, पण तोंडाला चौथंच आलं. म्हटलं, “तू रोज येत होतीस.”

ती इतकी भडकली, ताई! “अहो, मग बोलवायचं ना! फोन आहे ना तुमच्याकडे?” मी म्हटलं, तो फोन वरून खाली लागतो, खालून वर लागत नाही. मग ती स्टुलावर बसली, थोडा वेळ रडली, थोडा वेळ मला बोलली (ते मी लिहीत नाही, सगळं खरं होतं), आणि शेवटी म्हणाली, “बारीकच पूल करा. रोज एक. मी रोज न्यायला येणार आहे, तुटो न तुटो. आणि पुन्हा काही गळालं, तर त्याच दिवशी चार जिने चढायचे. गुडघे दुखले तरी.” माझे गुडघे दुखत नाहीत, पण मी मान डोलावली.

तर असं झालं. बाकी इकडे ठीक. भावोजींना माझा नमस्कार सांग, ते घेत असतील तर. भाचीला आशीर्वाद, आणि तुला काय द्यावं हे सहा वर्षांनंतर सुचत नाही, म्हणून हे एवढं लांब पत्रच.

तुझा धाकटा,
(वरच्यांचा खालचा काका)

ता. क. – ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. घाईबाईला येत्या रविवारी तुझ्याकडे यायचं आहे. काल जाताना म्हणाली, “तुम्ही रविवारी ताईंकडे जाता ना? मलाही न्या. जिथं कुणी सोडियमचं नाव काढणार नाही अशा एखाद्या घरात मला दिवसभर बसायचंय.” मी हो म्हणून बसलो. अडचण अशी, की मी दर रविवारी तुझ्याकडे येतो असं तिला दोन वर्षं सांगत आलोय. तेव्हा कृपा करून पुढील गोष्टी खऱ्या धर: तू माझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवतेस. भाची मला गणितं विचारते. जेवणानंतर भावोजी आणि मी बुद्धिबळ खेळतो आणि ते हरतात. भावोजींना बुद्धिबळ येत नाही हे मला माहीत आहे. मलाही येत नाही. पण घोडा अडीच घरं चालतो एवढं शनिवारपर्यंत त्यांना शिकवून ठेव, हरायला तेवढं पुरतं.

ता. क. २ – सहा वर्षांपूर्वी जेवताना भावोजींनी विचारलं होतं, “अजून बाटल्याच धुतोस ना?” मी म्हटलं, “नाही, भरतोही,” आणि हात धुऊन निघून आलो. त्यांनी साधी चौकशी केली होती. हे मला गाडीत बसल्यावर दहा मिनिटांतच कळलं होतं. पण परत यायला काही कारण सापडेना, आणि जितके दिवस जात गेले तितकं मोठं कारण लागू लागलं.

ता. क. ३ – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात घाईबाई आजचा पूल न्यायला आली. तिला वाचून दाखवलं नाही, पण पत्र कुणाला ते तिनं विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, “खुर्चीचं वगैरे लिहू नका हं त्यांना, उगीच धावपळ होईल.” रविवारी अंगणाचं दार बंद असतं, इमारतीत शिरताना पुढच्या फाटकावरच्या वहीत सही करावी लागते. मी सकाळी आठला करतो, पहिली, म्हणून माझ्या सहीखाली कुणाची सही पडते ते मला माहीत नसतं. ती नवाला येते आणि माझ्या खालच्याच ओळीत सही करते. दोन वर्षं. मी म्हटलं, “मग माझ्याकडून ऐकून कशाला घ्यायचीस सगळं?” म्हणाली, “छान सांगायचात. मला ते घर आवडायला लागलं होतं.” आणि तरीही यायचं म्हणते, खुर्ची असो नसो. तेव्हा बुद्धिबळ रद्द. काहीच खरं धरू नकोस.

आम्ही रविवारी नवाच्या गाडीनं निघून साडेअकराला तुमच्याकडे पोचतो, दोघं. जेवून यायचं का, तेवढं कळव. कळवायला जमलं नाही तर आम्ही न जेवताच येऊ.